बायकांचा आवाज खाणारं मशीन

दुकानात जन्मभर मी एकच वाक्य ऐकत आलो. "परवापर्यंत चांगला चालत होता हो!" रेडिओ असो, टेप असो, टीव्ही असो, बिघडायचा तो नेहमी परवाच. आत उघडून बघावं तर मुंग्यांनी संसार थाटलेला, पाल वाळून चिकटलेली, खाऱ्या हवेनं प्रत्येक जोडावर हिरवा बुरा चढलेला. आणि गिऱ्हाईक आपलं छातीवर हात ठेवून सांगणार, परवापर्यंत. मी मान हलवायचो आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचो. रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मी लढाई समुद्राशी आणि निम्मी गिऱ्हाइकाच्या आठवणीशी.

आमच्याकडे टीव्हीचा टॉवर उभा राहिला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. पण त्याआधीही काही हौशी मंडळींनी संच आणून ठेवले होते. मुंबई काही दिसायची नाही. चैत्र-वैशाखात समुद्र तापून निपचित पडला, की कधीमधी पलीकडच्या अरबी मुलखातलं एखादं केंद्र आपोआप पडद्यावर उमटायचं. अशाच एका संध्याकाळी मांडवीचे एक गृहस्थ मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. म्हणाले, "चित्र झकास आलंय, पण अक्षरं उलटी पडतायत. तेवढी सुलटी करून द्या." ती अरबी अक्षरं आहेत, ती उजवीकडूनच लिहितात, हे मी परोपरीनं सांगितलं. ते मला म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा. चहा मात्र दिला.

टॉवर आला आणि मग घरोघरी टीव्ही आले. त्यांना हार घातले गेले, भरतकाम केलेले पडदे शिवले गेले. आणि एक सवय सगळ्या जिल्ह्यानं लावून घेतली. आभाळ गुरगुरायला लागलं, की आधी अंगणातलं वाळवण आत यायचं आणि पाठोपाठ घरातले सगळे प्लग भिंतीतून बाहेर. सवय चांगलीच होती. विजेच्या एका लोळानं एका दुपारी अख्ख्या आळीचे टीव्ही माझ्या दुकानात आणून बसवलेले मी पाहिले आहेत. पण पाऊस ओसरल्यावर प्लग परत घालताना तो कुठल्या बाजूनं घातला, हे कुणी बघत नसे. दोन पिनांचा प्लग तो, कसाही बसतो.

ह्यात काय बिघडतं, ते नीट सांगायला हवं. टीव्हीच्या आत ज्या पत्र्यावर सगळा पसारा बसवलेला असतो, त्याला आम्ही चासी म्हणतो. त्या काळच्या बऱ्याच संचांत विजेची एक तार थेट ह्या चासीला जोडलेली असायची. प्लग एका बाजूनं बसला तर ती तार मेलेली. उलटा बसला तर चासी जिवंत, हात लावाल तर फेकून देईल. घरच्यांना ह्याचा पत्ता नसे, कारण बाहेरून लाकडी खोका आणि प्लॅस्टिकची बटणं. पत्ता फक्त आम्हाला. झाकण काढलं की आधी टेस्टर लावायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. हा क्रम उलटा करणारे एक-दोघे माझ्या ओळखीचे होते.

एवढ्या वर्षांत सगळ्यात अवघड काम कोणतं केलंत, असं लोक विचारतात. मी काहीतरी थाप मारतो. खरं नाव घेत नाही. इथं घेतो, कारण त्या घरातलं वाचणारं आता कुणी उरलेलं नाही.

मिऱ्याचे यशवंत मयेकर. सगळे त्यांना बोटवाले काका म्हणत. बोटवाले म्हणजे आगबोटीवर नोकरी केलेले. इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल घालायचं काम. त्या गडगडाटात त्यांचं आयुष्य गेलं. वर्षाकाठी कधीतरी महिनाभर घरी यायचे, तेवढ्यात घर शाकारायचं, माडांना आळी करायची, पाहुणेरावळे उरकायचे आणि परत बोटीवर. मूल नव्हतं. घरात काकी एकट्या. निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या सामानात एक जपानी रिसीव्हर होता, कुठल्याशा बंदरात फार पूर्वी घेतलेला. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि आवाज वाढवायचं यंत्र, दोन्ही एकाच पेटीत. समोर चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर धातूची जाडजूड गोल बटणं आणि जोडीला कपाटाएवढे दोन स्पीकर. मी पहिल्यांदा झाकण काढून आत बघितलं, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काय ते काम! एक तार वाकडी गेलेली नाही.

मयेकर दुकानात आले ते गर्जतच. सवयच होती, इंजिनरूममधला माणूस.

"टीवी घेतलाय नवा. पन त्याचा आवाज म्हंजे कसा, कोनतरी डब्यात बसून बोलतोय. माज्या मशीनीतनं काडून द्या."

आजच्या टीव्हीला मागे आवाज बाहेर काढायची भोकं असतात. त्या टीव्हीला नव्हती. सोपा मार्ग एकच होता, टीव्हीच्या स्पीकरच्या दोन तारा ओढून रिसीव्हरच्या पाठीमागे खुपसायच्या. असं करून देणारे कारागीर होते. आवाज येतो, ठणठणीत येतो. पण त्याचबरोबर टीव्हीची चासी रिसीव्हरच्या पत्र्याला जोडली जाते. मग एखाद्या दिवशी प्लग उलटा बसला, की ती चकचकीत पट्टी आणि ती गोल बटणं, सगळं जिवंत. सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी उभं राहून कुणी आवाज वाढवायला हात लावला, की खेळ खलास.

म्हणून मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. लोखंडाच्या पातळ पट्ट्यांवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एकमेकांना अजिबात न शिवणारी. आवाज एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जातो. मारणारी वीज अलीकडेच थांबते. बाजारात हवा तसा मिळेना, म्हणून मी स्वतः हातानं गुंडाळला. मधे कागद, वर वार्निश, वर परत कागद. पत्र्याच्या एका डबीत बसवला, डबीला रंग दिला. गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसणार नव्हतं, पण मला दिसत होतं ना! माझ्या धंद्यातलं ते सगळ्यात सुबक काम होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

टीव्ही ओटीवर, त्याच्या डोक्यावर भिंतीत एक उंच फळी, फळीवर रिसीव्हर. जोडून चालू केलं तेव्हा कुणीतरी गृहस्थ भुईमुगावरच्या किडीविषयी बोलत होते. त्यांचा आवाज त्या दोन कपाटांतून असा काही घुमला, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मयेकर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, मांडीवर थाप मारली.

"गो, ऐकलंस? भुईमुगाचा बोलतोय! शब्दन् शब्द!"

काकी चहा घेऊन आल्या होत्या. ठेंगण्याशा, किरकोळ अंगाच्या बाई. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. भुईमुगाच्या किडीवर कुणाचे डोळे भरून आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक. मी घावणे खाल्ले आणि खुशीत परत आलो.

शिमगा झाल्यावर निरोप आला. आवाज कमी झालाय, येऊन बघा.

गेलो. आवाज कमी? अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर सायकल लावली तिथंच मला बातम्या ऐकू येत होत्या. आत मयेकर कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"तुमचा मशीन बायकांचा आवाज खातो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बापयांचा येतो. बाई आली की नुस्ता तोंड हलतो. जाड आवाज जातो, बारीक मधेच गळतो. बगा, आता ती आली, बगा!"

पडद्यावर बाई आल्या. त्यांचा आवाज माझ्या दाढांपर्यंत पोचत होता. मी मयेकरांकडे बघितलं. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून त्या बाईंच्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं. गिरण्यांत, बोटींवर, यंत्राच्या कल्लोळात जन्म काढलेल्या माणसांचे कान असेच जातात, बारीक आवाज आधी, जाड मागाहून. बायकांचा आवाज, पाखरांचा, भांड्याला भांडं लागल्याचा. माणसाला वाटतं, जगच हळू बोलायला लागलंय.

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या खुर्चीमागे काकी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

मी झाकण काढलं, फुंकर मारली, स्पिरिटनं दोन-चार जोड पुसले, झाकण लावलं. गडग्यापर्यंत काकी पोचवायला आल्या.

"सांगू नका त्यांना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला म्हायत हाय. सगळ्या वाडीला म्हायत हाय."

"अहो पण काकी, डॉक्टरला दाखवा. कानाला लावायचं यंत्र मिळतं."

"ह्यांचे थोरले भाऊ होते. ते बी बोटीवरच. त्यांना डाक्टरानी सांगितलानी, कान गेले म्हनून. घरी आले ते पडवीत बसले. मरंपर्यंत तोंडातनं शब्द काडलानी नाय. आपल्याला ऐकूच येत नाय तर बोलायचा कशाला, असा. बायको, पोरा, कोनाशी नाय. हे बी तसलेच हत."

मी सायकलचा स्टँड काढला.

"आता माजा ऐकू आला नाय की म्हनतात, तू हळू बोलतंस, तोंडातल्या तोंडात बोलतंस. वराडतात माज्यावर. वराडू देत. बोलतात तरी ना?" मग म्हणाल्या, "जलमभर ते बोटीवर नि मी हितं. पत्रात माणूस काय लिवणार? म्हटला, घरी आले की निवांत बोलू. आले, तर ह्या असा."

तर असा मी त्या खोटेपणात सामील झालो. खोटं बोलणं आमच्या धंद्यात नवीन नाही. चांगला भाग जळका म्हणून सांगणारे होते, न बदललेला भाग बदलला म्हणून सांगणारे होते. पण धडधाकट यंत्र बिघडलंय असं गिऱ्हाइकाला पटवत राहायचं, आणि ते आपल्या हातानं केलेलं सगळ्यात चांगलं यंत्र, ही शिक्षा माझ्याच वाट्याला आली असावी. मयेकर बोलवायचे, मी जायचो. इकडचा स्क्रू तिकडे, तिकडचा इकडे. "खाऱ्या हवेनं होतं असं," म्हणायचो. बारीक आवाज वाढवायचं बटण पार टोकाला नेऊन ठेवायचो. दोन-चार दिवस त्यांना आल्यासारखं वाटायचं, कारण त्यांना तसं वाटून घ्यायचं होतं. मग परत निरोप.

ते स्टँडवर, बाजारात, सगळ्यांना सांगत सुटले. दुकानात लोक येऊन विचारायचे, "काय शरदभाऊ, बायकांचा आवाज खाणारा मशीन बनवलास म्हणे? माज्या घरात एक बसव की!" मी हसायचो. दुसरं काय करणार? आतून मात्र माझा तिळपापड व्हायचा. माणसाला कामाचा थोडा तरी ताठा असतोच.

पावसाळ्यात मयेकरांनी दोष शोधून काढला. ती डबी.

"इंजिनात कसा असतो," ते मला समजावत, "मधे जेवढे जोड, तेवढी वाफ गळते. माज्या हाताखालनं गेलंय सगळा. तुमी मधे ही डबी घातलीत, थितंच बारीक आवाज आडकतो. सरळ पाइप टाका. काडा ती."

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "काका, ती डबी काढायची नाही! करंट लागेल! जीव जाईल!" त्यांनी मान डोलावली. मला वाटलं समजलं. बहिऱ्या माणसाला मान डोलवायची किती सवय झालेली असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. काकींनाही सांगून ठेवलं, डबीला हात लावू देऊ नका. त्या म्हणाल्या, "मी काय सांगनार? माजा आवाज तर मशीन खातो." आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

हस्ताचा पाऊस आमच्याकडे फार कडकडाट करतो. त्या शनिवारी संध्याकाळी असाच विजांचा धुमाकूळ झाला, आणि रविवारी सकाळी मिऱ्याहून एक माणूस निरोप घेऊन आला. बोटवाले काकांनी बोलावलंय. तुमच्या मशीनचा रोग त्यांनीच बरा केलाय, तो बघायला या.

रोग बरा केलाय, हे ऐकताच मी चहा तसाच टाकून सायकल काढली.

ओटीवर अर्धी वाडी जमलेली. रविवारचा कार्यक्रम बघायला तेव्हा सगळे एकाच घरी जमत. चटया अंथरलेल्या, बायका भिंतीकडेला, आणि आवाज असा की खिडकीच्या फळ्या थरथरत होत्या. कुणी तक्रार करत नव्हतं. कानांवर हात ठेवून सगळे मुकाट बघत होते. मयेकर मला बघून उठले. घरातही ते बोटीवरची जाड रबरी चप्पल घालून वावरत. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

माझी डबी. दोन्हीकडच्या तारा पकडीनं तोडलेल्या.

"आता सरळ पाइप!" ते माझ्या तोंडाशी ओरडले. "नवरात्रातच टाकला. बगा फरक!"

नवरात्रापासून हे असं चाललं होतं, आणि कुणाला काही झालं नव्हतं. प्लग सुलटा असणार, म्हणून. पण काल विजा चमकल्या होत्या. काल घरोघर प्लग निघाले होते आणि आज परत बसले होते. मी खिशातला टेस्टर काढला, चटईवरच्या पोरांना ओलांडून फळीपाशी गेलो आणि त्या चकचकीत पट्टीला टेकवला.

टेस्टरमधला दिवा लागला.

सकाळी मशीन मयेकरांनी स्वतः लावलं होतं, पायात रबर होतं म्हणून त्यांना काही जाणवलं नव्हतं. एरवी आवाज वाढवायचं काम काकींचं. फळी उंच, म्हणून त्या लाकडी पाटावर उभं राहून बटण फिरवायच्या, म्हणजे पायाखाली कोरडं लाकूड. आज तो पाट कुणा म्हाताऱ्या पाहुणीला बसायला दिलेला होता.

मी वळतोय तोवर पडद्यावर गाणारी बाई आली, आणि मयेकर खुर्चीतून ओरडले, "वाडव गो!"

काकी मोरीवरून आल्या, कोपरापर्यंत हात ओले. पाट दिसला नाही, तशा टाचा उंचावून त्यांनी हात वर नेला. मी त्यांना ढकललं. जोरात ढकललं, त्या बायकांच्या अंगावर जाऊन पडल्या. आणि मी दोन्ही प्लग भिंतीतून उपटले.

गाणं तुटलं. त्या शांततेत पोरं रडायला लागली.

मयेकर माझ्या अंगावर आले. "तिला ढकललात कशाला? प्लग काडलात कशाला? माज्या घरात येऊन?"

"काका, ह्यात करंट उतरलाय!" मी म्हटलं. "हात लागला असता तर काकी जागच्या जागी गेल्या असत्या!"

"काय? मोट्यान बोला! सगळे मेले तोंडातल्या तोंडात बोलतात!"

"करंट! करंट आहे ह्याला!"

"तुमची डबी आवाज खाते, दुसरा काय नाय!" असं म्हणत ते वाकले आणि पडलेला प्लग उचलून पुन्हा भिंतीत घालायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं. माणूस म्हातारा, पण मनगट लोखंडाचं. आमची झटापट झाली. सगळी वाडी बघत होती आणि कुणी पुढे येत नव्हतं. मला दिसत होतं की आज मी निघून गेलो तर हा माणूस उद्या परत ते तसंच जोडणार, सरळ पाइप म्हणून, आणि परवा ही बाई मरणार.

मी ओरडलो, "डबीत काही दोष नाही! मशीन चांगलं आहे! कान गेलेत तुमचे!"

"काय?"

"कान! कान गेलेत!"

बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल. वाडीत ऐकू गेलं, शेजारच्या वाडीत गेलं. त्या ओटीवर एकच माणूस असा होता की ज्याला ते ऐकू आलं नाही, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. तेव्हा मी बोट माझ्या कानाला लावलं आणि हात हलवला. नाही. संपलं.

ते त्यांना कळलं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चटयांवरच्या माणसांकडे. एकेकानं मान खाली घातली. मग काकींकडे बघितलं. त्या अजून जमिनीवरच होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. मयेकरांनी प्लग हळूच खाली ठेवला.

"सगळ्यांना म्हायत होता?" त्यांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच बारीक होता.

कुणी उत्तर दिलं असतं तरी ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. ते खुर्चीत न बसता बाहेर गेले आणि पडवीतल्या बाकावर बसले. मी तारा तोडल्या, टीव्हीचा आवाज टीव्हीतच परत नेऊन दिला, रिसीव्हर वेगळा केला, पुन्हा पुन्हा टेस्टर लावून बघितलं. काम चोख केलं. निघताना त्यांच्यासमोर उभं राहून हात जोडले. ते माडांकडे बघत राहिले.

नंतर मी तिकडे फिरकलो नाही. दुकानात काम होतं असं स्वतःला सांगायचो. लोकांकडून कानावर येत होतं. बोटवाले काका बोलत नाहीत. जेवतात, झोपतात, माडांना पाणी घालतात. बोलत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हणून कुणी खुणा केल्या तर उठून आत जातात.

आंब्याच्या दिवसांत शेवटी गेलो. पडवीत मयेकर बाकावर बसलेले, काकी पायाशी सुपात सुकट निवडत होत्या आणि बोलत होत्या. हळू आवाजात, न थांबता. कुणाच्या तरी लग्नाचं, एका वर्षी घरात पाणी शिरलं होतं त्याचं, एकदा तापात आठ दिवस कुणी पाणी द्यायला नव्हतं त्याचं. मयेकर समोर बघत होते. मला बघून त्या थांबल्या.

"बसा भाऊ. काय नाय, सांगत होतंय ह्यांना. सगळा सांगून होत आला." सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "ऐकत नायत ते. पन आता मधे वराडत बी नायत."

मी मयेकरांच्या शेजारी बसलो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मला ओळखलं असणार, पण मान वळवली नाही. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी काकींना म्हटलं, "त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता, काकी. तुमचा जीव गेला असता."

"म्हायत हाय मला. तुमच्यामुळं वाचलंय. राग नाय तुमच्यावर." त्या पुन्हा सुपावर वाकल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "पन मशीन जळला म्हनून सांगायचात की वो. उचलून न्यायचात. इतके दिस माज्यासाठी खोटा बोललात, अजून एक बोलला असतात."